टक्

रोवेना कायमची सेबूला परत गेली
तेव्हा वीस दिरहमला देऊन गेली हा कुकर.
दहा माणसांचा. आम्ही दोघं.
आतल्या रेषा दोनपासून सुरू होतात,
त्यांच्या खाली कुठेतरी आमचा भात,
बोटाच्या पेराने मोजलेला.

देवरुखहून आत्या विचारते, किती शिट्ट्या?
शिट्टी नाही गं याला.
मग कळतं कसं?
टक् होतं.
एवढंच?
एवढंच.

शारजात दुपारचे अडीच. पडदे ओढलेले.
रात्रपाळी करून विश्राम झोपलाय,
खोली एकच, म्हणून आमटीची फोडणी मी पहाटेच उरकते,
तांदूळ बाथरूममध्ये नेऊन धुते, नळ बारीक सोडून.
जुलैत थंडाच्या नळालाही कढत पाणी,
तांदूळ तिथेच अर्धा फुगतो.

खाली ट्रक मागे घेताना किंचाळतात,
त्याने तो उठत नाही.
माझ्या फोननेही नाही.

टक्.

कूस बदलून, डोळे मिटलेलेच,
झाला?

मुरू दे, मी म्हणते.
तळाशी खरपुडी धरतेय, ती त्याची.
मी उभ्यानेच वरचा मऊ खाते,
ओळखपत्र गळ्यात अडकवते.
साडेतीनची बस.

पिवळा दिवा तसाच ठेवून जाते.