पंच्याहत्तर शब्द

मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला
पंच्याहत्तर शब्दांची मर्यादा असते.
मसुदा माझ्या टेबलावर आला एप्रिलमध्ये,
काउंटीच्या कचेरीत, एका सोमवारी;
सोबत नकाशा, आणि वकीलसाहेबांची पेन्सिल.

जागा म्हणाल तर वाळूचा एक कणा,
फ्लोरिडाच्या पाठीतून जाणारा, पांढराफेक.
समुद्र उंच होता तेव्हा ही बेटं होती म्हणे.
पाणी उतरलं, पण वाळूला ते कुणी सांगितलं नसावं.
अजून बेटासारखीच राहते ती,
कमरेएवढ्या ओकांची, खुज्या पामांची,
आणि तिथे एक निळा जे पक्षी,
जो बाजूच्या नव्या वसाहतीत
फुकट घर दिलं तरी राहणार नाही.

मी लिहिलं: कासव.
वकिलांनी खोडलं. कासवानं मत वळतं, म्हणाले.
मी लिहिलं: पुन्हा मिळणार नाही.
ही माहिती नव्हे, हा तर आग्रह.
'शेवटची' गेली. 'निळा' गेला.
उरलं ते असं: कमाल वीस वर्षं, मालमत्ता कर,
पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जमीन,
वार्षिक लेखापरीक्षण. होय. नाही.
मोजले, तर चौऱ्याहत्तर भरले.
एका शब्दाची जागा उरली होती.
ती तशीच छापायला गेली.

जाहीर सुनावणीला व्हर्लन टॅग उठला.
त्याच्या संत्र्यांवर रोग आला तेव्हा
फळं हिरवीच राहून गळत गेली,
तीन हंगामांत चाळीस एकर.
"माझ्या बागेला नव्हता तुमच्याकडे पैसा.
झुडपांना आहे?"
कुणी बोललं नाही. पंखा फिरत राहिला.
मग ऑर्फा टिलिसनं पर्समधून कागद काढला:
"घरटी वर्षाला एकोणीस डॉलर.
माझ्या कुत्र्याच्या कानाचं औषध याहून महाग."
लोक हसले. व्हर्लन हसला नाही.

नोव्हेंबरात मी स्वतःच रांगेत.
आई ट्रेलरात राहते; कर वाढला
की जागामालक भाडं वाढवतो, हे पाठ आहे मला.
पडद्याआड माझेच चौऱ्याहत्तर शब्द
परक्याच्या पत्रासारखे वाचले, दोनदा.
मागचा माणूस खोकला.
खूण कुठे केली ते सांगत नाही.
कायद्यानं तेवढी माझी खासगी जमीन आहे.

तीनशे अकरा मतांनी झालं.
मोजणी, मूल्यांकन, सह्या, दोन वर्षं.
आणि जमीन ताब्यात आल्यावर
काउंटीनं पहिलं काम काय केलं असेल,
तर ती पेटवली.

फोन थांबेनात.
"आमच्या पैशानं घेतलीत
आणि आमच्याच डोळ्यांदेखत जाळताय?"
मी सांगत गेले, या रानाला आग लागते,
म्हणजे हवी असते; ओक उंच झाले
की जे निघून जातात, कासवाला चरायला उरत नाही.
(आता 'कासव' म्हणायला मला मोकळीक होती.)
किती शब्द खर्च झाले, मोजले नाहीत.
पाच वाजता व्हर्लनचा फोन. ओरडला नाही.
"जळल्यावर परत येतं ते?"
येतं, मुळातून, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ फक्त श्वास.
"संत्री नाही येत," म्हणाला, आणि ठेवला.

मार्चमध्ये गेले बघायला.
काळ्या काड्या, मधे मधे पालवी,
वाळू इतकी पांढरी की डोळे बारीक करावे लागले.
एक जे उतरला. शरदात हे पक्षी
हजारो ओकफळं पुरतात म्हणे,
एकेक करून, ना पावती, ना ठराव.
मान तिरकी करून त्यानं जागा आठवली,
चोचीनं उकरलं.
काही नव्हतं.
वीतभर सरकला.
पुन्हा उकरू लागला.