पोचे पडलेले डबे

एरुंदिना म्हणाली, फक्त बघून येऊ.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
'फक्त' या शब्दाने मला किती खर्चात पाडलंय
ते खाडीपलीकडच्या बँकेला विचारा.

घरात आधीच
दोन मांजरी, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत,
म्हातारी लोबा, जी दारावर भुंकायचं विसरून
हल्ली फ्रीजवर भुंकते,
आणि शेजारच्या फुकोचं बदक,
जे फुकोकडे राहायला तयार नाही.

आश्रमातली इरिया किल्ल्या वाजवत पुढे चालली.
पिल्लांची रांग तिने न थांबता ओलांडली.
पिल्लांचं काय, रविवारपर्यंत जातात.
थांबली ती थेट शेवटच्या पिंजऱ्यापाशी.
तिथल्या कार्डाची शाई उन्हाने उडालेली,
नावं कशीबशी वाचता येत होती: फाइस्का. रोशो.
वय मात्र कुणीतरी चार वेळा खोडून
चार वेळा नव्याने लिहिलं होतं.

"जोडीनेच द्यायचे आहेत," इरिया म्हणाली.
"ती बहिरी. त्याला झाडूची भीती,
टोपीवाल्या पुरुषांची, शिट्टीची, आपटणाऱ्या दारांची.
एकदा चावलाय. चांगलाच चावलाय."

मी टोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली.

एरुंदिना मान तिरकी करून उभी होती,
कारखान्यात उभी राहायची तशी.
शिंपल्यांचा कारखाना, सरकत्या पट्ट्याचं शेवटचं टोक,
रबरी बूट, कोपरापर्यंत व्हिनेगरचा वास.
पोचे पडलेले डबे वेगळे काढायचं काम तिचं.
पेटी भरली की शनिवारी ते स्वस्तात निघायचे,
कामगारांनाच.
लग्नानंतर वीस वर्षं आम्ही तेच खाल्ले.
आतला माल कधीही नासका निघाला नाही, असं ती म्हणते.
निघाला होता. दोनदा.
मी रात्रभर ओकत होतो.
पण ते तिला आठवत नाही.

पहिले नऊ दिवस घराचे दोन देश झाले.
स्वयंपाकघराला जाळीचं फाटक,
वाडग्यावाडग्यांत चार हात अंतर,
झाडू फुकोच्या कोठारात हद्दपार.
मी गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने फरशी पुसायचो
आणि रोशो कोपऱ्यातून हिशोब मांडायचा
या माणसाचा.

बाराव्या रात्री जुंपली.
वाडगं एक, तोंडं तीन.
एरुंदिनाच्या मनगटाला चार टाके पडले,
दात कुणाचे, ते अजून ठरलेलं नाही.
मी आश्रमाचा नंबर लावला.
घंटी दोनदा वाजली.
ती त्याच हाताने कांदा चिरत होती,
वर न बघताच म्हणाली,
"विचार त्यांना, रोशोला मासा सोसतो का."
मी फोन ठेवून दिला.

कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात.
रोशोला शेपूटच नाही.
लहानपणी कुणा शिकाऱ्याने, कुऱ्हाडीने.
त्यामुळे आनंद झाला की
त्याचा अख्खा मागचा अर्धा भाग हलतो
आणि तो भिंतीला धडकतो.
पहिल्यांदा हलला तेव्हा आम्हाला वाटलं, फेफरं.
मध्यरात्री गुरांच्या डॉक्टरांना उठवलं.
ते हसले नाहीत. भला माणूस.
एवढंच विचारलं, "समोर कोण होतं?"

समोर धाकटी मांजर होती.
त्याच्या वाडग्यातलं पाणी पीत होती
मालकिणीसारखी.

काल भरतीबरोबर वारा सुटला
आणि मागचं दार धाडकन आपटलं.
रोशो टेबलाखाली. नखं फरशीवर टकटकत होती.
फाइस्काला काहीच ऐकू आलं नाही.
ती तिथेच आडवी पडून घोरत होती,
पोट वर, खाली, वर,
आणि तो त्या पोटाकडे बघत बघत
थरथरायचा थांबला.

मी दाराला पाचर मारली.
बदक आत आहे की बाहेर, बघायचं राहिलंच.
टोपी अजून कोटाच्या खिशात.
या वाऱ्यात कान फार गार पडतात.