बसून घेतलेलं माप

उभ्यानं नको, रोसाउरा. बस.
त्या लाकडी घोड्यावर बस, ज्यावर मी खोगिरं शिवायचे,
एस्केलात मोटारसायकली एवढ्या नव्हत्या तेव्हा.
हात पुढे कर, हँडल धरल्यासारखे.
बघ,
बाही मनगटावरून चार बोटं मागं सरली,
कमरेशी फट पडली,
आणि आमच्याकडचा वारा नेमकी तीच हुडकून काढतो.
आरशासमोर सगळे ताठ उभे राहतात,
आणि पाच हजार किलोमीटर जातात बसून.

तू म्हणतेस, एकच जाकीट दे,
सगळीकडे चालेल असं.
तशी वस्तू माझ्या पाहण्यात नाही,
तसा माणूसही नाही.
ला कियाकाला पहाटे नळातलं पाणी गोठलेलं असेल,
दोन दिवसांनी सान हुआनमध्ये
हेल्मेटच्या आत तुझंच डोकं तुला शिजल्यासारखं वाटेल,
आणि खाली, दक्षिणेला, पाऊस
वरून पडत नाही, बाजूनं येतो.

म्हणून जाळीचं घे. हो, भोकाभोकांचं. हसू नकोस.
आत मेंढीच्या लोकरीचा पातळ सदरा,
तो घामानं भिजला तरी ऊब सोडत नाही;
वरून रेनकोट, दोन मापं मोठा,
पेट्रोल पंपाच्या आडोशाला झटकन चढेल असा.
ते महागडं, आत प्लास्टिकचं अस्तर असलेलं?
अंगाला पाणी लागत नाही, खरंय,
पण बाहेरचं कापड पाणी पिऊन बसतं
आणि रात्रभर खुंटीवर गळत राहतं.
सकाळी तेच ओझं पुन्हा खांद्यावर.

ओझं तुला मी काय सांगू!
तीस वर्षं तू वजनकाट्यावर बसलीस,
रिकामा ट्रक, भरलेला ट्रक,
वहीत आकडे लिहिलेस आणि फाटक उघडलंस.
एकाही ट्रकमागे गेली नाहीस.

खरं सांगू? तू आत आलीस तेव्हा
मी तुला परत पाठवणार होते.
तिकडे कोपऱ्यात बघ, ते तपकिरी.
एव्हारिस्तोचं.
दवाखान्यात कात्रीनं गळ्यापासून मनगटापर्यंत कापलेलं,
ते पिशवीत घालून घेऊन आला, म्हणाला, शिव.
मी शिवलं. लाल दोऱ्यानं,
दिसावं म्हणून.
खांद्याचं पॅड मात्र परत घातलं नाही;
एकदा आपटलं की त्याचं काम झालं,
ओढलेल्या काडीसारखं.
त्याला ते चाललं.
आता तो जाकीट घालून पाव आणायला जातो,
चालत.
गेल्या आठवड्यात एक गुंडी तुटली, म्हणून इथं आहे.

आणि तू त्याच्याकडे पाहत विचारलंस,
पॅड नवीन केवढ्याला पडेल?
घाबरलेली बाई हे विचारत नाही.
किंवा घाबरलेलीच विचारते.
मला ठरवता आलं नाही, मी टेप काढली.

करडा रंग मिळणार नाही.
करडं आभाळ, करडा रस्ता, त्यात करडी तू,
ट्रकवाल्यानं काय वहीत शोधायचं तुला?
नारिंगी घे. साठीत शोभत नाही म्हणे!
शोभायला कुठे चाललीयस?

पँटला मांड्यांपाशी शिवण ठेवत नाही,
तिथंच पाण्याचं तळं साचतं,
मग मोठमोठे मिशीवाले रडकुंडीला येऊन
पंपावर लहान पोरांसारखे पाय फाकून उभे राहतात.
गुडघ्याचं पॅड बसल्यावर गुडघ्यावर हवं,
नडगीवर नाही.
कमरेत दोन बोटं कापड राखून ठेवते.
जाताना आत अंडरपँट लागेल,
येताना तू बारीक झालेली असशील.
येताना म्हणाले मी. लक्षात ठेव.

गुरुवारी ये.
हातमोजे घेऊन ये, घरात शोध, नसतील तर नाहुएलचे देते.
मोजा बाहीच्या आत की बाहीवर,
यावर या गावात दोन भावांचं बोलणं बंद आहे.
आपण बादलीभर पाणी ओतून बघू.