अंत्यबिंदू

दुसऱ्या परीक्षकाने चौथ्या मुद्द्यात विचारलंय :
पाक तयार झाला हे नेमकं कशावरून ठरवलं?
प्रमाणित पद्धत नमूद करावी.

मी नमूद केलं होतं, एका ओळीत,
जसं शिकवलंय तसं :
'दृश्य व स्पर्श निरीक्षणावरून अंत्यबिंदू निश्चित करण्यात आला.'
करण्यात आला.
कुणी केला, ते वाक्याने गिळून टाकलं.

केला हिंदुराव चौगल्यांनी,
वडणग्याच्या गुऱ्हाळात, पहाटे सव्वाचारला.
चुलाणात चिपाडं सारणाऱ्या पोरावर खेकसत
ओल्या बोटांनी काहिलीतला थेंब उचलला,
थाळीतल्या गार पाण्यात गोळी वळली
आणि काठावर आपटली.
टण्.
'ऐकलंसा न्हवं, बाई?'
मी वहीत 'टण्' लिहिलं.
नंतर खोडलं.

पुन्हा गेले, विभागाचं डिजिटल तापमापक घेऊन,
दर सोमवारी शिपायाला दाखवायच्या बोलीवर.
एकतीस आधणं.
तीस वेळा त्यांनी 'उतरा' म्हटलं तेव्हा
आकडा एकशे सोळा ते अठराच्या मधे होता.
त्यांनी आकड्याकडे एकदाही पाहिलं नाही.
एकदा मात्र अठरा गेले, वीस गेले,
एकशे बावीसला हात वर केला.
'पुरातला ऊस ह्यो. ढेप बसत न्हाई लवकर.'

शिरगुप्पे सर म्हणाले, हा बिंदू काढ,
आलेख बघ कसा सुरेख येतो.
सर वाईट नाहीत.
माझ्या स्वल्पविरामांवर त्यांनी लाल शाईने कष्ट घेतलेत.
त्यांचं नाव पहिलं,
माझं दुसरं, डोक्यावर तारा : पत्रव्यवहारासाठी.
पत्रव्यवहाराचा माझा ईमेल एकतीस मार्चपर्यंत चालेल.
तासिका तत्त्वावरच्या बाईंना
पुढचं जूनमध्ये कळतं.

तिसऱ्या लेखकाची चौकट उघडली.
नाव. संस्था. सर्वोच्च पदवी. ईमेल,
हा रकाना रिकामा चालत नाही.
फोन लावला. मागे चरक घरघरत होता.
'माझं नाव नगं. उद्या कुणाचा पाक बिघडला
तर म्हंतील, चौगल्यानं सांगितलं हुतं.'
थोडं थांबून,
'आन् ढेपेवर शिक्का अडत्याचाच असतोय की.'

नाव घालताना एवढी जोखीम
आमच्यातल्या कुणाला आठवली होती,
ह्याचा विचार करत बसले,
तोवर पोर्टलने मला बाहेर काढलं.

आज रात्री पुन्हा.
राजारामपुरी आठवी गल्ली, खालच्या पानपट्टीचं शटर पडलं.
संदर्भ सत्तावन्न, दोघांची वर्षं चुकलेली.
आकृत्या तीनशे डीपीआय.
बावीसचा ठिपका रेघेच्या वर, एकटा,
ठेवलाय. खाली टीप.
मुद्दा चार : आपल्या सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत.
तक्ता तीन पाहावा.
कानाची अचूकता, अधिक-उणे एक अंश.
ऋणनिर्देशात हिंदुराव दौलू चौगले, गुळव्या.
'गुळव्या' रोमन लिपीत तसाच ठेवला,
संगणकाने त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढली.
राहू दे.
नको म्हणाले होते, तेही आठवतंय.

नमुना क्रमांक अकराला मुंग्या लागल्यात.
सबमिट.
पडद्यावर एक गोल फिरत राहिला,
मग हस्तलिखित क्रमांक, लांबलचक,
मी तो वहीत उतरवला, खोडलेल्या 'टण्'च्या शेजारी,
दुसरीकडे जागा नव्हती.

दहा दिवसांनी त्यांचाच फोन.
'आला का पाक?'
'नाही अजून. परीक्षणाधीन म्हणतंय.'
'म्हंजे उकळतंय. मळी आली तर काढा, वैतागू नगा.'
आणि मग, आवाज खाली आणून,
'ती आकडं दावणारी कांडी कितीला मिळती, बाई?
पोराला ऐकू येत न्हाई त्यो आवाज.'