बाभळीचं माप

वडकबाळच्या खालच्या अंगाला, ओढा सीनेला मिळतो तिथं
मांडीभर पाण्यात उभी राहून
मी आडव्या बाभळीला टेप लावते.
कार्यालयाचा लांब टेप मागच्या आठवड्यात वाहून गेला.
हा आईचा. दीड मीटरला संपतो.
युनिफॉर्मच्या कारखान्यात यानं तिनं
किती शाळांच्या छात्या मोजल्या असतील,
आता बाभळीची कंबर.

फॉर्मवर रकाने: लांबी, घेर,
मुळासकट की तुटकं,
प्रवाहाशी कोन, कूज एक ते पाच.
तळाला, बारीक अक्षरात: मासे दिसले का.

काठावर इरण्णा कोळी जाळं सांधतो.
"लाकूड इकायचंय व्हय?"
नाही.
"मग मोजताय कशाला?"
मी सांगते, खोडाशी पाणी अडतं, वळतं,
खालची वाळू उकरतं, डोह होतो,
डोहात मासा उन्हाळा काढतो.
तो दातानं दोरा तोडतो.
"ते माशाला ठावं हाय."

लिहिलं: लांबी चार साठ. घेर एक्क्याण्णव. मुळासकट.

तेवढ्यात गंगव्वा कुऱ्हाड घेऊन उतरली.
दोन फांद्या तिनं कालच नेल्यात,
घाव अजून ओले, लालसर.
तिला थांबवायला माझ्याकडे काय होतं?
फॉर्म.
तिनं पदर खोचला, बुडख्यापाशी आली, कुऱ्हाड उचलली
आणि तशीच धरून राहिली.

मुळांच्या जाळीत लिंबाएवढा तांबडा गोळा
फुटत होता, पुन्हा जमत होता.
मरळीची पिल्लं.
खाली त्यांची आई, काळी, जाड, निश्चल;
तिला मी दुसरं खोड समजून
घेर किती असेल याचा अंदाज बांधत होते.

"बुडखा ऱ्हाऊ दे," गंगव्वा म्हणाली, स्वतःलाच,
आणि शेंड्याकडे जाऊन
तीन वेळच्या चुलीपुरतं तोडून घेतलं.
इरण्णानं जाळं घडी करून
वरच्या डोहाकडं नेलं. बोलला काही नाही.

मी चार साठ खोडून तीन पस्तीस लिहिलं.
'कारण' असा रकाना नव्हता.

रात्री आईनं टेप हुंगला. "शेवाळ," म्हणाली,
साबण लावून धुतला,
मशीनच्या चाकावर वाळत टाकला.
बावीस ते सव्वीसचे आकडे
आधीच पुसले गेलेत,
लहान पोरांच्या मापाचे.
तिथं ती बोटानंच ओळखते.