दोन पिना

पहिला अंक सोळा पानांचा.
शेफील्डमध्ये, मोजे वाळत टांगलेल्या स्वयंपाकघरात निघाला.
माझी मावशी एनिड रॅग
दिवसा दाताच्या डॉक्टरची पत्रं टाइप करायची,
रात्री त्याच यंत्रावर मासिक.
एक अक्षर अर्धं तुटलेलं,
म्हणून ओळीओळीत बारीकशी फट.

कान टोचावेत तर सोनारानंच, म्हणतात.
आमच्याकडे सोनार नव्हता.
डेन्झिल स्टॅनिफोर्थ होता, चाळीस वर्षं चाकूंची पाती घासून
घरी बसलेला. पोलादी तारेची कडी वळवायचा,
जिभेच्या टोकावर फिरवून बघायचा,
खरखर लागली की परत सहाणेवर.
"अंगात जायचंय तिला," म्हणायचा, "लोण्यात नाही."

मी सतरा वर्षांची. माझं काम
पानं दुमडायची, मधोमध दोन पिना मारायच्या.
एकदा तिसरी अंगठ्यात गेली.
डेन्झिल हसला नाही. "कसं वाटलं?"
म्हटलं, आधी थंड.
मग माझं.
चौथ्या अंकात त्यानं ते छापलं, नाव न घालता.

वर्गणीदार दोनशे अकरा.
शेटलंडचा एक मेंढपाळ,
हलची एक विधवा, वय बासष्ट: नवऱ्याच्या अंगठीचं सोनं
वितळवून तिनं कुठे घातलं, ते पत्रात नव्हतं.
फक्त, "आता तो जवळ असतो."
संपाच्या वर्षी एका खाणकामगारानं
वर्गणी थकली म्हणून माफी मागितली,
सोबत स्वतःच्या मळ्यातले कांदे.
अंक खाकी पाकिटात जायचे,
पाठवणार: विणकाम मंडळ.

चौदाव्या अंकाला छापखान्यानं नकार दिला.
मुखपृष्ठावर बेंबी होती, एवढंच.
एनिडनं विचारलं, "मिस्टर इबटसन,
तुमच्या मुलीचे कान?"
"ते वेगळं."
"किती इंच वेगळं?"

मग आजाराची वर्षं.
प्रत्येक अंकात पहिल्या पानावर एकच चौकट:
सुई एकदाच. एकाच माणसाला. एकदाच.
आणि पाकिटं परत यायला लागली,
अनोळखी हस्ताक्षरांत, "येथे राहत नाही."
कोण घर बदलून गेलं, कोण कसं गेलं,
आम्ही विचारलं नाही. एनिड पत्त्यांची कार्डं
फाडायची नाही, मागच्या खणात ठेवायची.
शेवटी पुढचा खण हलका झाला.

एका मंगळवारी दोन पोलीस येऊन खोकी घेऊन गेले.
त्यातला तरुण पावती लिहिताना
डाव्या कानाची पाळी चिमटीत धरत होता.
तिथे बुजलेलं भोक. मी पाहिलं.
मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं,
आणि एका खोक्याची नोंद करायला विसरला.

सदतिसावा अंक टाइप होऊन पडून राहिला.
डेन्झिलचे हात कापायला लागले होते,
आणि बाजारपेठेत, चपलांच्या दुकानाशेजारी,
पोरी रांगेत उभ्या राहून नाक टोचून घेत होत्या,
आइस्क्रीम खात.

ते खोकं परवा ग्रंथालयाला दिलं.
तिथली मुलगी, भुवईत कडी,
म्हणाली, गंज कागद खातो, पिना काढाव्या लागतील.
पातळ चिमट्यानं काढल्या एकेक,
जशी टाके काढते नर्स.
पानांच्या घडीत दोन-दोन भोकं, तपकिरी कडांची.
ती म्हणाली, दोऱ्यानं शिवू?
मी अंगठा चोळत राहिले.

डेन्झिल असता तर भडकला असता.
सगळं मासिक चांगल्या पोलादावर,
आणि पिना तेवढ्या
आम्ही स्वस्तातल्या घेतल्या होत्या.