गुंजभर

ऑन्सेल्मनं पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं
आणि म्हणाला, दोन नॉट वाढवून दे, झेली,
ऑगस्टच्या शर्यतीत क्लार्क्स हार्बरवाल्यांना मागे टाकायचंय.
दोन नॉट.
जणू मी ते फडताळात बरण्या भरून ठेवलेत.

चाळीस किलोंचं कासं. दोघांनी मिळून उतरवलं.
चार पाती. एकाच्या टोकाला खडकाचा चावा,
आणि चारींच्या पाठीवर, मुळाकडून वर,
देवीचे व्रण असावेत तसे बारीक खड्डे.

हे पाण्यानं नाही केलं, मी म्हटलं,
पाणी नसण्यानं केलंय.
पातं पाण्याच्या पुढे पळालं की पाठीशी पोकळी राहते.
पोकळी मिटते. मिटताना चावते.
म्हणजे माझ्या घरासारखं, तो म्हणाला.
मी हसले नाही. ल्युसिल मार्चमध्ये मंक्टनला गेली
हे अख्ख्या वेस्ट पब्निकोला ठाऊक आहे.

पंखा साखळीला टांगला, एकेका पात्यावर
लाकडी हातोडी हलकेच मारली.
तिघांनी एकच सूर धरला,
चौथं घसा बसल्यासारखं.
मग माप. बोंडावर ठोकलंय सव्वीस.
सव्वीस एकही नव्हतं:
साडेपंचवीस, पावणेसत्तावीस, सव्वापंचवीस,
आणि ते खडकवालं, पावणेचोवीस.
एकाच दांड्यावर बसून चौघं चार वाटांनी निघाले होते
आणि ऑन्सेल्म डिझेलवाल्याला शिव्या घालत होता.

तीन दिवस ठोकलं,
बिडाच्या ठोकळ्यावर पातं पालथं घालून.
खड्डे भरले, घासले, पुन्हा घासले.
मागच्या कडेला किंचित मुरड दिली,
करंजीला देतात तेवढीही नाही,
पाण्याला फुकटचं सटकता येऊ नये इतपत.

चौथ्या दिवशी बोंडाजवळ, हिरव्या थराखाली
तीन ठिपके सापडले.
बाबांची खूण.
म्हणजे हा पंखा ऑन्सेल्मच्या वडिलांच्या बोटीचा,
आणि या टेबलावर तो आधीही पडलाय.

कॅलिपर लावला, आणि जे कळलं
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.
डेल्बे सुरेत यांचा हात एकदा चुकला होता.
काढलेलं परत चिकटत नाही, असं मला
दर आठवड्याला ऐकवणारे बाबा,
त्यांनी एक पातं जास्त घासलं होतं.
भर घातली नाही. फेकलंही नाही.
उरलेल्या तिघांना त्याच्याएवढंच बारीक केलं,
एकाची चूक चौघांत वाटून टाकली,
इतक्या सफाईनं
की ती चौतीस वर्षं समुद्रात चालली.

स्टुलावर बसून राहिले. चहा गार झाला.
थोडा रागही आला, खोटं का सांगू.

शेवटी तोल.
दांडा दोन धारांवर ठेवला, पंखा सोडून दिला.
जड पातं सावकाश खाली येतं,
गप्पांत डुलकी लागलेल्या माणसासारखं.
त्याच्या पाठीवरून गुंजभर काढलं. पुन्हा सोडलं.
पुन्हा गुंजभर.
संध्याकाळपर्यंत तो पंखा
जिथे सोडावा तिथे थांबायला लागला.

तीन ठिपक्यांशेजारी माझा एक ठोकायचा होता.
पंच हातात घेतला होता.
राहू दिलं.

शनिवारी रात्री ऑन्सेल्मचा फोन.
शर्यतीत तिसरा. दोन नॉट नाही, पाऊण वाढला.
मी म्हटलं, पाऊण तर पाऊण, पैसे पूर्णच घेईन.
ते नाही गं, तो म्हणाला.
मागे कुणाचा तरी रेडिओ वाजत होता.
डॅशबोर्डवरचा कप आता सरकत नाही.
परतताना अर्ध्या वाटेत लक्षात आलं,
मी तो उगाचच
धरून बसलोय.